मडगार्डावरची खळी

कारखान्यात तिला सगळे मातीताई म्हणत. नवी मोटार बाजारात येण्याआधी तिचा पूर्ण मापाचा पुतळा मातीत करून बघतात, आणि ते काम करणाऱ्या आठ जणांत ही सगळ्यात जुनी. माती म्हणजे कुंभाराची नव्हे. मेणासारखी तपकिरी माती असते ती. भट्टीत गरम करून थापायची आणि निवली की धारदार पात्यांनी खरवडायची. बावीस वर्षं खरवडून तिच्या बोटांना अशी सवय झाली होती की डोळे मिटून हात फिरवला तरी केसाएवढा उंचवटा कळायचा. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हिला नवीन कपाट दाखवू नका. तुम्हाला इतकी वर्षं जे दिसलं नाही ते हिला लागलीच दिसेल, आणि मग तुम्हालाही दिसत राहील."

कंपनीने पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आपली छोटी गाडी नव्या रूपात परत आणायची ठरवली, तेव्हा ते काम तिच्याकडे आलं. तेच गोल दिवे, तोच गुबगुबीत टप, आत मात्र सगळं आजचं. अडचण एकच होती. जुने आराखडे आणि फोटो कार्यालयाच्या स्थलांतरात कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका संग्राहकाकडून समुद्री हिरव्या रंगाची एक जुनी गाडी मागवली, प्रकाशाच्या यंत्राने तिची इंच न् इंच मापं घेतली आणि गाडी परत गेली. त्या मापांवर मातीताईने चौदा महिने घालवले.

सगळ्यांचा जीव जडला तो एका जागेवर. दार संपतं तिथून मागचं मडगार्ड सुरू होताना पत्रा किंचित आत जायचा, कुणी प्रेमाने तळवा दाबून ठेवल्यासारखा, आणि मग भरभरून चाकावर यायचा. तिला सगळे खळी म्हणत. जाहिरातीत गाडी अर्धीच दाखवली होती, ती खळीपुरती. मुख्य आरेखक साहेब तर येईल त्या पाहुण्याला तिथे उभं करून म्हणायचे, "काय नजर होती हो त्या काळच्या लोकांना!"

कामगारांना पहिल्या खेपेतली गाडी सवलतीत मिळणार होती. शनिवारपर्यंत सही द्यायची होती. घरची गाडी आता धापा टाकत होती. नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि कुठलाही निर्णय फळ्यावर मांडल्यासारखा मांडायचा. "सहा एअरबॅग, पाच वर्षांची हमी, चढावर मागे घसरत नाही. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

विचार करण्यासारखं होतं, कारण आदल्या रविवारी सकाळी तिला पेपरात एक छोटी जाहिरात दिसली. तीच जुनी गाडी, मलई रंगाची, एकाच हातातली, विकणे आहे.

"मी चौदा महिने हिची जुळी बहीण घडवली," ती म्हणाली, "आणि मूळ गाडीत एकदाही बसले नाही रे. ती हिरवी आली होती तिला दोरी बांधून ठेवलेली. हात लावायचीसुद्धा चोरी."

"बघून यायला काय जातंय," नवरा म्हणाला. चपला घालताना मात्र त्याने पुन्हा बजावलं, "बघून यायचं हं. फक्त बघून."

पत्ता एका गॅरेजचा निघाला. घराच्या मागे पत्र्याची शेड, भिंतीवर हातोड्यांची रांग, प्रत्येक हातोड्याच्या मागे भिंतीवर त्याचाच आकार रंगवलेला. मालक शहात्तर वर्षांचा डेंटर. उभी हयात गाड्यांचे पोचे काढण्यात गेली. सगळे त्याला उस्ताद म्हणत. बायको दारात बसून मटार सोलत होती.

"का विकताय, काका?" मातीताईने विचारलं.

"खांदा गेला. हिचं स्टिअरिंग म्हणजे विहिरीचा रहाट आहे. वळण आलं की मला आधी ही आठवते," त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं, "आणि मग देव."

"आधी मी?" बायको म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकते आहे."

उस्तादांनी किल्ली दिली. दार उघडताना जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज आला. आतमध्ये उन्हात तापलेल्या रेक्झिनचा आणि किंचित पेट्रोलचा वास. स्टिअरिंग बोटाएवढं बारीक. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब इतके सडपातळ, की बसल्या जागी सगळा रस्ता, दोन्ही फुटपाथ आणि समोरच्या घराची गच्चीसुद्धा दिसत होती. नव्या गाडीत ते खांब जाड करावे लागले होते, नियमच तसे होते. इथे मात्र व्हरांड्यात बसून प्रवास केल्यासारखं वाटत होतं. पहिला गिअर कुरकुरत पडला, दुसरा आपसूक पडला. कोपऱ्यावर गाडी कलली तशी तीही कलली, नवराही कलला. रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळव्यांना कळत होता.

शेजारच्या सीटवर नवरा काच खाली करत होता, वर करत होता, परत खाली करत होता.

"काय चाललंय?"

"हातानं फिरवायची आहे गं!" तो म्हणाला. इतका आनंद त्याला निकालाच्या दिवशीही होत नसे.

परत आल्यावर मातीताईने सवयीने डोळे मिटले आणि पुढच्या दिव्यापासून हात फिरवायला सुरुवात केली. बॉनेट, दार, दाराची कड. सगळं ओळखीचं, आपल्याच घरात अंधारात चालल्यासारखं. मडगार्डापाशी मात्र हात अडला. तिने डोळे उघडले. पत्रा सरळ होता. पलीकडे जाऊन बघितलं, तिथेही सरळ.

"काका, गाडी मागून कधी ठोकली होती का?" ती जरा चाचरतच म्हणाली. "इथली खळी गेलीय. लांबीचा लेप भरून सरळ केलंय कुणीतरी."

उस्तादांनी भुवया चढवल्या. "लांबी? माझ्या गाडीला? हा कारखान्याचा पत्रा आहे, पोरी. सरळच असतो तो. सगळ्या गाड्यांचा सरळ असतो."

"नाही हो. मी या गाडीचं माप घेतलेलं..." ती थांबली. तिने माप घेतलं होतं ते एकाच गाडीचं.

"खळी म्हणालीस?" उस्ताद हळूच म्हणाले. "हिरवी गाडी होती का ती? समुद्रासारखी हिरवी?"

"हो."

उस्ताद मटाराच्या टोपलीशेजारी खाली बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरांची हिरवी गाडी दुधाच्या ट्रकने मागून चेपली. नवीन मडगार्ड कुठेच मिळेना. डॉक्टरांना आठवड्याच्या आत गाडी हवी, कारण लांबलांबचे पेशंट त्यांची वाट बघत. उस्तादांनी सपाट पत्रा घेऊन मडगार्ड हाताने बडवून काढलं, पण दाराजवळ पत्रा दोन बोटं कमी पडला. जोड द्यावा तर तो दिसणार. मग त्यांनी रात्र न् दिवस डोकं खाजवून तिथे पत्रा आत वळवला, म्हणजे कमी पडलेलं लपेल. डॉक्टर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, उस्ताद, ही बाजू फारच छान झाली, आता धडधाकट बाजूही अशीच करा.

"धड मडगार्ड मोडून पुन्हा केलं मी. आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं, ठोकलेलं अंग जास्त छान दिसतंय. तेव्हा हौसेनं आतल्या बाजूला तीन ठिपके मारले. माझी सही."

नवऱ्याने मातीताईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता की उजळला होता ते कळत नव्हतं. तिने फोन काढून नव्या गाडीचा फोटो दाखवला. मडगार्डावर खळी. मग दाराच्या उंबऱ्याजवळचा फोटो. तिथे धातूच्या पट्टीवर कोरलेले तीन ठिपके. हिरव्या गाडीत सापडलेली ती जुन्या कारखान्याची तपासणीची खूण असणार, असं साहेबांनी ठरवलं होतं. माहितीपुस्तिकेत त्यावर अख्खं पान होतं.

उस्तादांनी चष्मा पुसला, फोटो जवळ नेला, लांब नेला. मग मोठ्याने म्हणाले, "अगं ए, हे बघ! माझा कमी पडलेला पत्रा यांनी छापलाय!"

बायकोने शेंग हातात तशीच धरून फोटो पाहिला. "किती गाड्या काढणार आहेत अशा?"

"वर्षाला तीस हजार," मातीताई म्हणाली.

"म्हणजे तीस हजार वेळा पत्रा कमी पडणार," बायको म्हणाली, आणि दोघं नवरा-बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

निघताना नवऱ्याने मांडणी बदलली होती. "जुनीच घेऊ या. काचा बघितल्यास ना? आणि माणसंही चांगली आहेत." पण उस्तादांनीच मान हलवली.

"माझा या गाडीवर जीव आहे, म्हणून खरं सांगतो. रविवारी फिरायला हवी असेल तर न्या. रोज कामावर, पावसापाण्यात न्यायची असेल तर नका नेऊ. हिचा ब्रेक लावायचा तर विचार दोन घरं आधी करावा लागतो. आणि ताई, त्या नव्या गाडीत तुझा हात आहे. मला आधी तो बघू दे, मग ठरव."

सोमवारी तिने मुख्य आरेखक साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी समोरची माहितीपुस्तिका मिटून ठेवली. पाहुण्यांसमोर केलेली सगळी भाषणं त्यांना एकापाठोपाठ एक आठवत असावीत. तिला वाटलं, आता ओरडतील. ते उठले आणि म्हणाले, "पत्ता द्या. गाडी पाठवत नाही, मी स्वतः जातो."

बुधवारी उस्ताद इस्त्रीचा सदरा घालून कारखान्यात आले. मातीचा पुतळा अजून तिथेच होता. आठही जण कामं टाकून भोवती उभे राहिले. उस्तादांनी कुणाला काही विचारलं नाही. डोळे मिटले आणि दाराच्या कडेपासून हात सरकवला. मातीताईने आजवर दुसऱ्या कुणाला असा हात फिरवताना पाहिलं नव्हतं. हात खळीत उतरला, थांबला, परत मागे आला, पुन्हा उतरला.

"इथे, वर येताना," ते म्हणाले, "मी घाई केली होती. डॉक्टर दारात उभे होते ना. पत्रा जरा ओढल्यासारखा झाला होता, तो मला इतकी वर्षं टोचत होता. तू इथे घाई केलेली नाहीस."

यंत्राने दिलेल्या मापात ती ओढ होती खरी. मातीताईने ती आपल्या मनाने, कुणालाही न सांगता, तीन दिवस खरवडून मऊ केली होती. साहेबांना कळलं नव्हतं, यंत्राच्या तपासणीतही ते कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. तिने त्या जागेवरून पुन्हा एकदा हात फिरवला.

शुक्रवारी तिने नव्या गाडीसाठी सही केली. गाडी दारात आली तेव्हा नवरा चार दिवस रुसला, पाचव्या दिवशी तिच्या काचा बटणाने वर-खाली करून म्हणाला, ठीक आहे, ही पण वाईट नाही. पुस्तिकेतलं ते पान बदललं. त्या जागी भिंतीवरच्या हातोड्यांच्या रांगेसमोर उभ्या असलेल्या उस्तादांचा फोटो आला. मलई रंगाची गाडी एका घड्याळजीने घेतली. तो दर महिन्याला ती दाखवायला आणतो आणि उस्ताद तिचं कौतुक करून त्याला चहा पाजतात.

आणि मातीताई आता रविवारी सकाळी शेडमध्ये असते. मातीतलं सगळं कळलं, पत्र्यातलं काहीच कळत नाही, हे तिला सहन होईना. माती चुकली तर वर आणखी थापता येते. पत्रा एकदा ताणला गेला की तो लक्षात ठेवतो. पहिल्या महिन्यात तिने एकच तुकडा बडवला, गोल दिव्याची अर्धी कड. उस्तादांनी तो उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"मटार ठेवायला होईल," ते म्हणाले, आणि दुसरा पत्रा कापायला घेतला.