उघाडी उघडली नाही ती दुपार

मित्रांनो, तुम्ही ज्या फळीवर पाय देऊन हा ओहोळ ओलांडता ना, ती मी. पूर्वी मी उघाडी होते. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधात वरून टांगलेलं लाकडी दार. ओहोटीला आतलं पाणी मला ढकलून बाहेर जाई. भरती आली की तिच्याच दाबानं मी बंद होई.

तेव्हा ठाण्याला आगगाडी येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती. खाडीचा एक फाटा माजिवड्यापर्यंत येई. त्यात बोय मासे शिरत, चिखलात निवटे नावाचे छोटे मासे उड्या मारत, तिवरांच्या झाडांच्या मुळांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, दडत. पण उधाणाचं खारं पाणी भातातही घुसे. म्हणून गावानं बांध घातला. गावच्या सिल्वेस्टर सुतारानं ऐनाच्या फळ्या जोडून मला घडवलं. माझी राखणही त्याच्याकडेच आली.

त्याची बायको बर्नाडेट चिंबोऱ्या धरण्यात पटाईत. ती म्हणाली, "निवट्यांना विचारलंस का रे? त्यांच्या घराला दार लावतोस!"

"तू निवट्यांची वकील कधी झालीस?" तो हसला.

दोन पावसांनी जमिनीतलं मीठ धुतलं. तिसऱ्या वर्षी भात कमरेइतका आला. शेजारच्या रखमाबाईनं मला हळदकुंकू लावलं. मला ताठा चढला. आत मात्र तिवरं वाळली, निवटे गेले, त्यांच्यामागून बगळेही गेले. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग लोक टेकाडावरची घरं सोडून सुकलेल्या फाट्यात उतरले. सिल्वेस्टरही उतरला.

"इथे बोय पोहत होते रे," बर्नाडेट म्हणाली.

"अगं, दार आहे ना आपलं!"

एका श्रावणात अमावस्येला पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. भर दुपारी उधाण आलं. बाहेरून भरती मला दाबत होती आणि आत डोंगराचं पाणी साठत होतं. बर्नाडेट शेळी सोडवायला घरात गेली. सिल्वेस्टर छातीभर पाण्यात उभा राहून मला खांद्यानं ढकलत होता. "उघड गं बाई, उघड!"

मी उघडले नाही. भरतीला बंद राहायचं, यासाठीच मला घडवलं होतं.

घराच्या मातीच्या भिंती खचल्या. ओहोटी लागल्यावर मी आपोआप उघडले आणि बर्नाडेट माझ्यातूनच बाहेर वाहून गेली.

"जाळून टाक हिला," शेजारचा गणू म्हणाला.

सिल्वेस्टर म्हणाला, "तिचा काय दोष? बर्नाडेटला खाली मीच आणली."

त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. अजूनही त्याचा पाय अंगावर पडला की मला लाज वाटते.

गावानं घरं परत टेकाडावर नेली, बांधही मागे घेतला. मला या ओहोळावर आडवं टाकलं. आता माझ्याखालून पुन्हा भरती येते, निवटेही आलेत.

काल सिल्वेस्टर माझ्यावर बसला होता. एक चिंबोरी चिखलातून वर चढली आणि तिरकी तिरकी त्याच्याकडे आली. त्यानं पाय उचलून तिला वाट दिली.

मित्रांनो, तुम्ही घर बांधाल तेव्हा पाण्यालाही तेवढी वाट द्या.