झांजेच्या पुढे

रविवारी सकाळी वहिनींच्या घरातली पुढची खोली त्यांच्या नवऱ्याची, त्याच्या दोन मित्रांची आणि त्याच्या स्पीकरांची असे. मानाने पाहिलं तर स्पीकर आधी. मित्रांपैकी एक दातांचे डॉक्टर. दुसऱ्याला सगळे लंबक म्हणत. त्याच्या दोन्ही मनगटांवर चावीची घड्याळं असत, दोन्हींत वेगळी वेळ असे, आणि कुठल्याही वादात तो दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून बोले.

त्या खोलीत ऐकायची खुर्ची एकच. आवाज खरा पोचतो तो तिथेच, बाकी घरात पोचतो तो गोंगाट, असा नवऱ्याचा सिद्धांत होता. खुर्चीचे पाय कुठे टेकायचे ते जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवलेलं. मित्र तीत पाळीपाळीने बसत. वहिनींची पाळी कधी आली नव्हती, कारण रविवारभर त्या गोंगाटाच्या प्रदेशात, म्हणजे स्वयंपाकघरात असत.

नवीन काही आणलं की तपासायला रेकॉर्डही एकच. गाणारी बाई आधी श्वास घेई, मग म्हणे, ‘बेल वाजली, मी दार उघडलं, आणि दारात...’ इथे झांज वाजे. झांज वाजली की नवरा सुई उचली. झांजेचा आवाज विरायला किती वेळ लागला यावर तिघांची चर्चा होई, मग एखादी वायर बदलली जाई, आणि पुन्हा बेल, दार, झांज. त्या ओळीच्या मागे एक बारीक खरखर होती. तिच्यामागे तिघं हात धुऊन लागले होते. वायरी बदलल्या, स्पीकरखाली दगडी लाद्या आल्या, फ्रिज बंद ठेवून पाहिला. वहिनींचं दूध नासलं, खरखर जागच्या जागी.

वहिनींना खरखरीशी घेणंदेणं नव्हतं. दारात कोण होतं, एवढंच त्यांना हवं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, “दारात कोण असतं हो?”

“कुठल्या?” नवरा म्हणाला होता.

ही रेकॉर्ड फोनवर कुठे मिळत नाही, याचा त्याला अभिमान होता. आणि वहिनींनी रेकॉर्डचं ते यंत्र स्वतः लावायचं तर बटणांचा एक क्रम होता, तो चुकला तर स्पीकर जळत, आणि तो क्रम नवऱ्याने बँकेच्या पिनसारखा मनात जपला होता. फरक इतकाच की बँकेचा पिन त्याने बायकोला सांगितला होता.

त्या रविवारी डॉक्टर मोठं खोकं घेऊन आले. आत काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर होता.

“मग ठरलं,” डॉक्टर बाहेर म्हणत होते, “हा तुम्हाला, ती रेकॉर्ड मला. जाताना घेऊन जातो.”

“शेवटची एकदा तिच्यावरच तपासू,” नवरा म्हणाला.

वहिनींनी गॅस बंद केला, हात पुसले, बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या.

खोलीत अशी शांतता पसरली की लंबकाची दोन्ही घड्याळं वेगवेगळी ऐकू आली.

“अगं, आज डॉक्टरांची पाळी आहे,” नवरा म्हणाला.

“असू दे.”

“वहिनी, दोनच मिनिटं,” डॉक्टर म्हणाले. “मी उठलो की तुम्ही बसा.”

“तुम्ही उठाल तेव्हा रेकॉर्ड तुमच्या पिशवीत असेल.”

“बरोबर आहे त्यांचं,” लंबक म्हणाला. नवऱ्याने पाहिल्यावर म्हणाला, “तसं तुझंही.”

“अगं, कुशन दबतं. कानाची उंची बदलते.”

“माझे कान माझ्या उंचीवर आहेत. लावा.”

वहिनी रक्तपेढीत कामाला होत्या. भलेभले पैलवान सुई पाहून खुर्चीतून निसटू बघत, आणि पिशवी भरेपर्यंत त्यांनी नुसत्या आवाजाच्या जोरावर कुणाला उठू दिलं नव्हतं. तो आवाज त्यांनी घरी आजवर वापरला नव्हता.

“अख्खं गाणं होईपर्यंत मी उठणार नाही. आणि सुईला कुणी हात लावायचा नाही.”

नवऱ्याने बटणं दाबली. व्हॉल्व्ह लाल झाले. बाईने श्वास घेतला. बेल वाजली, दार उघडलं, झांज झाली. नवऱ्याचा हात सवयीने पुढे गेला.

“अहो.”

हात मागे आला.

‘...दारात माझी धाकटी बहीण, म्हणते छत्री दे.’

वहिनींना हसू फुटलं. इतकी वर्षं त्यांनी त्या दारात प्रियकर उभा केला होता, सैनिक केला होता, एकदा तर पोलीसही. दोघी बहिणींचं भांडण छत्रीवरून आईच्या बांगड्यांवर गेलं, तिथून एका जुन्या पत्रावर, आणि गाणारी बाई हटायला तयार नव्हती.

“थांबा,” डॉक्टर कुजबुजले. “खरखर गेली.”

खरंच गेली होती. झांजेनंतर आवाज असा स्वच्छ, जणू बाई खोलीतच उभी.

“अँप्लिफायरची कमाल,” नवरा म्हणाला.

“झांजेआधीही हाच अँप्लिफायर होता, तरी खरखर होतीच,” लंबक म्हणाला.

तिघं रेकॉर्डवर वाकले. कडेची पट्टी करडी पडली होती, पुढची सगळी काळीभोर. तीस वर्षं सुई तेवढ्यावरच नांगरत होती. खरखर वायरीत नव्हती, तपासणीने पाडली होती.

“एकदा मागे घेऊन खात्री करू,” नवरा म्हणाला. “फक्त ती ओळ.”

“नाही.”

“एकदाच गं.”

“ती ओळ तुम्ही खाऊन संपवलीत. उरलेलं माझं आहे.”

नवरा जमिनीवर बसला. मग डॉक्टरही बसले. गाण्यात धाकटी बहीण छत्री न घेताच गेली, थोरली दारात उभी राहिली, आणि मग फक्त वाद्यं. सुई आतल्या कडेला पोचून टकटक करू लागली.

“वहिनी,” डॉक्टरांनी घसा खाकरला, “आता तर ही मला हवीच.”

“ती कुठे जाणार नाही. तुमचं खोकं घेऊन जा, नाहीतर राहू दे, ते तुमचं तुम्ही बघा.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “दुसरी बाजू लावा.”

“दुसऱ्या बाजूला काय आहे?” लंबकाने विचारलं.

नवऱ्याने रेकॉर्ड हातात उलटी केली आणि प्रथमच पाहावी तशी पाहिली. “कल्पना नाही,” तो म्हणाला.

वहिनींनी खुर्ची चिकटपट्टीच्या खुणांबाहेर, खिडकीकडे सरकवली आणि पाय लांब केले.

“कुणाला चहा हवा असेल तर दूध ओट्यावर आहे. भांडी मात्र वाजवू नका.”