माझ्या मानेवरची खाच

मित्रांनो, ज्याने आयुष्यात एक अक्षरही लिहिले नाही, असा एक जुना पेन तुमच्याशी बोलतो आहे. माझ्यात शाई नव्हती, औषध होते. टोकाला निब नव्हती, सुई होती. मागचे केशरी बटण दाबले की औषधाची ठरलेली मात्रा माणसाच्या कातडीखाली जायची आणि 'टक्' असा आवाज व्हायचा. एरवी माझे बोलणे तेवढेच. आज थोडे जास्त बोलणार आहे.

आधी औषधाविषयी सांगतो. घराची भिंत एकदा बांधली की झाले. हाडांचे तसे नसते. शरीर त्यांना रोज थोडे पोखरते आणि रोज थोडे नव्याने बांधते. वय वाढले की पोखरणारे पुढे जातात, बांधणारे मागे पडतात आणि हाड आतून ठिसूळ होते. आपल्या गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या काही ग्रंथी असतात. त्यांच्यातून पाझरणाऱ्या हार्मोनचा एक तुकडा शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला. तो रोज थोडासा टोचला की बांधणारे पुन्हा कामाला लागतात. हे औषध काचेच्या बारीक कुपीत भरलेले असे आणि ती कुपी माझ्या पोटात बसे. महिन्याने कुपी बदलायची, पेन तोच ठेवायचा.

माझा जन्म साच्यात झाला. प्लास्टिक वितळवून, दाबून, थंड करून मला घडवले. माझा आकार ठरला त्या दिवशी साच्याचे मिस्त्री आणि कंपनीच्या वकीलबाई समोरासमोर बसल्या होत्या. माझ्या मानेवर आतल्या बाजूने एक छोटी तिरकी खाच होती. कंपनीच्या कुपीवर तिच्या मापाचा उंचवटा होता. उंचवटा खाचेत बसला तरच झाकण फिरे.

"ही खाच कशाला?" मिस्त्रींनी विचारले. "कुपी हिच्याशिवायही झकास बसतेय की."

"बसतेय ना?" वकीलबाई म्हणाल्या. "म्हणूनच पाहिजे."

मिस्त्री हसले. त्यांना वाटले, बाई थट्टा करताहेत. बाई थट्टा करत नव्हत्या.

कुणी नवीन काही शोधून काढले की सरकार त्याला सांगते, तुझी कृती सगळ्यांना उघड करून दाखव, त्या बदल्यात ठरावीक वर्षे ती वस्तू दुसऱ्या कुणाला बनवू देणार नाही. यालाच पेटंट म्हणतात. यात गैर काही नाही. शोध लावायला पैसा लागतो, आयुष्ये खर्ची पडतात. पण वर्षे संपली की शोध सगळ्यांचा होतो, हाही त्याच कराराचा भाग आहे. माझ्या औषधाची वर्षे संपत आली होती. खाचेसकट माझे, म्हणजे पेनचे, पेटंट नवे होते. ते औषधाच्या पेटंटनंतरही बरीच वर्षे चालणार होते. तेव्हा मला यातले काही कळत नव्हते. एका प्रदर्शनात माझ्या देखणेपणाला पदक मिळाले आणि मी हुरळून गेलो.

औषधाच्या दुकानातून मी गेलो तो पडदेवाल्या काकूंच्या घरी. काकूंचे खरे नाव गल्लीत कुणी घेत नसे. पुढच्या खोलीत त्यांचे कापायचे लांबलचक टेबल होते. खिडकीचे, दुकानाचे, दवाखान्याचे पडदे त्या त्याच्याशी उभ्या राहून कापत. एकदा पडदा लावायला हात वर केला आणि पाठीत कळ आली. तपासणीत दोन मणके दबलेले निघाले. डॉक्टरांनी दोन वर्षांचे उपचार सांगितले.

पहिल्या दिवशी मुलीने मला काकूंच्या पोटाशी धरले. बटण दाबायचे सोडून ती सूचनांचा कागद पुन्हा वाचू लागली.

"अगं, लाव पटकन," काकू म्हणाल्या. "जन्मभर मी कापडाला सुया टोचल्या. आता कापडानं वचपा काढायला सुरुवात केलीय."

ते माझे सुखाचे दिवस होते. मी फ्रिजच्या दारात लोण्याच्या डब्याशेजारी राहायचो. सकाळी काकू मला बाहेर काढत, सुई बसवत, 'टक्' झाले की "चला, एक वीट लागली" म्हणत. हळूहळू पाठीची कळ कमी झाली. त्या टेबलाशी उभ्या राहू लागल्या. तेवढ्यात गावातल्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक येऊन गेले. रंगमंचाचा दर्शनी पडदा काकूंनीच तरुणपणी शिवला होता. तो आता विरला होता. नवा मखमलीचा हवा होता, पुढच्या हंगामाआधी.

"मलाच करायचाय तो," काकू मुलीला म्हणाल्या. "बसून नाही कापता येत मखमल. उभं राहूनच कापायची. तेवढं उभं राहता आलं की बास."

त्या घरात औषध महाग पडत होते. काकूंची मुलगी आणि जावई तो भार उचलत होते, कुरकुर न करता. जावई पेटंट कार्यालयात तपासनीस होते. तारखांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दुधाची पिशवीसुद्धा आधी तारीख बघून उघडत. काकू त्यांना तारीखवाले जावईबापू म्हणत आणि ते खूश होत. बहुतेक औषधांची पेटंटे त्यांना तोंडपाठ होती. एका रविवारी जेवताना ते एकदम थांबले.

"आई, तुमच्या औषधाचं पेटंट या वसंतात संपतंय. दुसऱ्या कंपन्या टपून बसल्यात. किंमत धाडकन खाली येईल. तोवर काही महिने थांबलो, तर पुढचा सगळा कोर्स निर्धास्त होईल."

"डॉक्टरांना विचारूया ना आधी," मुलगी म्हणाली.

"त्यांना औषध कळतं गं, पेटंट मला कळतं."

मुलीने आईकडे पाहिले. काकूंना लेकीवर भार नको होता. त्या म्हणाल्या, "थांबूया की. झालेली हाडं कुठे पळून जाताहेत?"

मित्रांनो, चूक इथे झाली. दुसऱ्या एखाद्या घराने ओढाताण करून औषध चालू ठेवले असते किंवा डॉक्टरांकडे जाऊन रडगाणे गायले असते. या घरात पेटंटची तारीख जाणणारा माणूस होता, म्हणून हे घर थांबले. आणि झालेली हाडे खरोखरच पळून जातात. हे औषध मधेच सोडले आणि त्याच्या जागी दुसरे सुरू केले नाही, तर नवे बांधलेले हाड पुन्हा झिजू लागते. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितले असते. त्यांना कुणी विचारले नाही.

माझी रवानगी फ्रिजमधून खडू, टाचण्या आणि बटणांच्या खणात झाली. तिथून मला पुढच्या खोलीतले आवाज ऐकू येत. मखमल आली तेव्हा काकूंनी गठ्ठा उलगडला आणि बराच वेळ नुसता हात फिरवत राहिल्या. मग कात्री चालू झाली.

पेटंट सांगितल्या दिवशीच संपले. जावई त्या संध्याकाळी लवकर घरी आले, हातात नवी स्वस्त कुपी घेऊन. "आई, बघा, म्हटलं होतं ना!" त्यांनी मला खणातून काढले, पुसले, कुपी आत सरकवली आणि झाकण फिरवले. झाकण फिरेना. त्यांनी कुपी काढून पुन्हा घातली. मग मला दिव्याखाली धरून माझ्या मानेत पाहिले.

त्यांना लगेच कळले. दुसऱ्या कुणाला इतक्या लवकर कळले नसते.

"पेनचं पेटंट वेगळं आहे," ते सावकाश म्हणाले. "या खाचेत बसणारी कुपी दुसऱ्या कुणाला बनवता येत नाही. उपकरणांच्या फायली पहिल्या मजल्यावर. मी तिसऱ्या मजल्यावर."

"आणि जिना?" मुलगी म्हणाली. "तुमच्या ऑफिसला जिना नाही का?"

त्यांनी कुपी खोक्यात परत ठेवली. नोंद सगळ्यांना खुली होती. औषधाची तारीख पाठ असल्यामुळे त्यांना आणखी काही शोधावेसे वाटले नव्हते.

मुलगी कानस घेऊन आली. "घासून टाकते मी ती खाच."

पण आधी तिने औषधाच्या दुकानातल्या बाईंना फोन लावला. त्या ओरडल्याच. "अजिबात नको! पेनातल्या दट्ट्याचं गणित जुन्या कुपीचं आहे. मात्रा कमी गेली की जास्त, कळणार नाही. साध्या सिरिंजनं ओढायलाही जाऊ नका. नव्या कंपनीचा पेन तयार आहे, पण कोर्टानं अडवलाय. कुपी आलीय, पेन अडकलाय."

पेनच्या पेटंटचा वाद कोर्टात होता. जावयांनी सुनावणीची तारीख पाहिली, पंधरवड्यावर होती. जुन्या कंपनीची कुपी अजूनही तेवढीच महाग होती, म्हणून आणखी पंधरवडाच थांबायचे ठरले. त्या तारखेला पुढची तारीख पडली. मग मात्र मुलीने नवऱ्याला न विचारता डॉक्टरांची वेळ घेतली, त्याच आठवड्यातली.

त्या वेळेआधीच काकू पडल्या. शिडीवरून नव्हे, जिन्यावरून नव्हे. मखमलीची घडी जमिनीवर लोळत होती, तिच्यात पाय अडकला आणि उभ्या जागी त्या कुशीवर कोसळल्या. तुम्ही तसे पडलात तर चड्डी झटकून उठाल. काकूंच्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले.

डॉक्टर प्रामाणिक होते. "औषध चालू असतं तर मोडलंच नसतं, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "शक्यता कमी असती. पण थांबण्याआधी एकदा विचारायचं होतं हो." शस्त्रक्रिया झाली. काकू वॉकर धरून चालू लागल्या. टेबलाशी उभे राहणे मात्र संपले. अर्धी कापलेली मखमल नाट्यगृहाचा माणूस घेऊन गेला. पडदा दुसऱ्या कुणी पुरा केला. मुलगी काकूंना तो दाखवायला घेऊन गेली होती. घरी आल्यावर काकू एवढेच म्हणाल्या, "चुण्या बऱ्या घातल्यात," आणि पाणी मागितले.

त्याच वर्षी पुढे दोन्ही कंपन्यांनी आपसात समझोता केला. नवे पेन बाजारात आले. त्यांच्या मानेवर खाच नाही आणि त्यात कुपी झकास बसते. डॉक्टरांनी काकूंचे उपचार पुन्हा सुरू केले. फ्रिजच्या दारात आता तो नवा पेन असतो.

एका सुट्टीच्या दिवशी जावयांनी करवत आणली आणि टेबलाचे पाय कापून ते बुटके केले, काकूंना बसून काम करता यावे म्हणून. चारही पाय सारखे झाले नाहीत. टेबल डुगडुगू लागले. काकूंनी कापडाची घडी करून दिली, ती त्यांनी एका पायाखाली सारली. जमिनीवर बसल्या बसल्याच ते म्हणाले, "आई, मी तारीख बरोबर सांगितली होती."

"तारीख बरोबरच होती हो, जावईबापू," काकू म्हणाल्या. "हाडाला कुणी कळवलं नव्हतं."

त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. काकू आता उशांचे अभ्रे शिवतात.

मित्रांनो, मी निर्जीव वस्तू आहे. माझ्या मानेवर काय कोरायचे हे मला कुणी विचारले नाही. पण तुम्हाला विचारले जाईल. तुमच्यापैकी कुणी उद्या औषध शोधाल, कुणी साचे घडवाल, कुणी कायदा लिहाल. शोधणाऱ्याला त्याचा मान आणि मोबदला जरूर द्या. घरात कुणाला रोजचे औषध असेल तर ते थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारा, घरात कितीही हुशार माणूस असला तरी. आणि औषध व आजारी माणूस यांच्यामध्ये कधी काही उभे करावेसे वाटले, तर आधी त्या माणसाकडे बघून घ्या. तो वाट बघायला तयार असतो. त्याचे शरीर तयार असतेच असे नाही.