बारशाच्या आधी

लंकेची डॉक्टरीण गावात येणार, ही बातमी सरपंच आबाजीने चावडीवर सांगितली तेव्हा पहिला प्रश्न कोणी विचारावा, तर म्हाताऱ्या शुक्राने. "लंकेत मानसं ऱ्हातात व्हय अजून?" सगळे हसले. सोनुबाई हसली नाही. ती पंचायतीतली बाई मेंबर, गेली तीन वर्षं एकच मागणी घेऊन बसलेली: गावात राहणारी नर्स पाहिजे. दर सभेला तिने विषय काढायचा आणि आबाजीने "पुढच्या वेळी बघू" म्हणून चहा मागवायचा. चहा पिऊन पिऊन तिला पित्ताचा त्रास सुरू झाला होता, नर्स काही आली नव्हती.

नर्स होती ती कळंबला. पावसाळ्यात मधली नदी चढली की कळंब काय आणि मुंबई काय, दोन्ही सारखीच लांब. तोवर गावातल्या बायांची बाळंतपणं कोंडी सुईण करायची, तिच्या सासूने दिलेल्या विळ्याने नाळ कापायची आणि नाळेवर राख दाबायची. कोंडीच्या हाताला यश होतं असं सगळे म्हणत. म्हणायला काय जातं?

कर्जतच्या पंचायत समितीतल्या साहेबांनी मात्र या वेळी आबाजीला नीट समजावलं होतं. लंकेची डॉक्टरीण आणि मुंबईचे एक प्रोफेसर दोन देशांची तुलना करत होते. दोन्ही देश गरीब, दोन्हीकडे भात खातात, दोन्ही एकाच सुमाराला स्वतंत्र झाले. मग गरिबी कुठे हटली, पोरी कुठे जास्त शिकल्या, बाईला बाप्याइतकी मजुरी कुठे मिळते, आणि लहान मुलं कुठे कमी दगावतात, हे त्यांना गावोगाव फिरून बघायचं होतं. त्याच पाहणीवरून, आपलं गाव आणि नदीपलीकडचं गाव, या दोघांपैकी एका ठिकाणी नर्स मिळणार होती. जिथे गरज जास्त, तिथे.

एवढं ऐकूनही आबाजीच्या डोक्यात दुसरंच शिरलं. "लंकेच्या बाईपुढं गावाचं नाक कापून घ्यायचं नाय," तो म्हणाला. मग शाळेला चुना मारला गेला. गुरांमागे जाणाऱ्या पोरी त्या दिवसापुरत्या धुऊन-पुसून वर्गात बसवायचं ठरलं. सोनुबाई कपाळाला हात लावून बसली. गरज दाखवायची वेळ आली आणि हा बाबा श्रीमंती दाखवायला निघाला.

"अरं आबाजी, भिकेला बसताना कोनी जरीचा फेटा बांधतो का रं?" तिने विचारलं.

"सोनुबाई, इज्जत म्हनून काय चीज हाय का नाय?"

"हाय. ती घेऊन पारूला बाळंतपनाला येळंवर कळंबला पोचव बरं."

पारू तिची सून. धाकलूची बायको. धाकलू साजगावला कारखान्यात होता, रविवारचा यायचा. पारूला पाचवा महिना लागला होता. आधीची दोन गेली होती. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पोटुशीपुढे तर नाहीच. गेलेल्याचा विषय काढला की पोटातल्यालाही तीच वाट दिसते, असं सगळ्या बाया मानायच्या, आणि सोनुबाई त्याला अपवाद नव्हती.

डॉक्टरीण पौषात आली. सोमावती तिचं नाव. काळीसावळी, उंच, डोक्याला भरपूर तेल. साडी नेसायची तऱ्हा सोडली तर अगदी आपल्यातलीच. शुक्राला फार निराशा झाली. तिच्यासोबत प्रोफेसर, आणि तिचं बोलणं मराठीत सांगायला एक शिकलेली पोरगी. शाळेच्या पडवीत सभा भरली. पुढे बाप्ये, मागे बाया. पारूलाही सोनुबाईनेच हाताला धरून आणून शेजारी बसवलं होतं. ही पोर कशी पोचणार कळंबला, ते दाखवायला.

आधी डॉक्टरणीने तिच्या देशाचं सांगितलं. आम्हीही गरीबच, म्हणाली. पण आमच्याकडे गावागावात सुईणबाई आहे, सरकारने शिकवलेली. घरोघर चालत जाते, पोट तपासते, बाळंतपणाला पाणी उकळते, हत्यार उकळते, मगच नाळ कापते. पोरीही शाळेत जातात, कारण शिकलेली आई बाळाला वाचवते. कोंडी मागे बसून नाक मुरडत होती. हत्यार उकळायचं ते काय, बटाटा हाय का?

मग प्रश्न सुरू झाले. पोरी शाळेत येतात का, असं विचारलं.

"समद्या," आबाजी म्हणाला आणि चुना मारलेल्या भिंतीकडे हात केला.

सोनुबाईला राहवेना. "खोटं हाय," ती उभी राहून म्हणाली. "ही पारूची बहीण ठकी आज पयल्यांदा बसली हाय शाळेत. उद्या ती म्हशीमागं जानार. पाटी तिची नाय, पाटलाच्या पोराची हाय."

ठकीने पाटी परकराखाली लपवली. आबाजीचा चेहरा चुन्याहून पांढरा झाला. प्रोफेसरांनी मात्र मान वर करून सोनुबाईकडे पाहिलं. मग मजुरीचं निघालं. लावणीला बाईला आणि बाप्याला सारखीच मजुरी देतो, असं आबाजीने सांगितलं, आणि मागे बायांत पदर तोंडाला लावून खसखस पिकली.

"बाईला निम्मी," सोनुबाई म्हणाली. "आन् वाकायचं कंबरडं मोडेस्तवर तिनंच."

डॉक्टरीण तिच्याकडे बघून हसली. दुभाषी पोरीला काहीतरी म्हणाली. पोरगी म्हणाली, "बाई म्हणतात, यापुढचं मी तुम्हालाच विचारीन. तुम्ही खरं सांगता."

सोनुबाईला आयुष्यात इतका मान कोणी दिला नव्हता. तिने पदर सारखा केला, एक पाय मुडपून ऐटीत बसली. नर्स आता येतेच, असं तिला वाटलं.

"गेल्या वर्षभरात," पोरगीने विचारलं, "गावात जन्मलेलं एखादं मूल, वर्षाचं व्हायच्या आधी दगावलं का?"

सोनुबाईने विचार केला. खरोखर केला. लडकूची पोर आजारी होती, ती वाचली. गौराबाईचा नातू विहिरीत पडता पडता राहिला. शेजारी पारू, दोन्ही हात पोटावर ठेवून, खाली मान घालून बसली होती.

"नाय," सोनुबाई म्हणाली. "एकबी नाय."

डॉक्टरणीने पुन्हा विचारायला लावलं. जन्मून रडलेलं, आणि मग गेलेलं, एकही नाही? सोनुबाईने मागे बायांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. नाय, कोनाचं नाय. गौराबाईनेही हलवली, जिच्या सुनेचं श्रावणात गेलं होतं. जनीनेही हलवली, तिचंही गेलं होतं. यात कोणी खोटं बोलत नव्हतं, हेच तर सगळं त्रांगडं. बारावा दिवस उजाडून बारसं होईपर्यंत जे घरात असतं ते सटवाईचं. त्याला नाव नाही, पाळणा नाही, रडारड नाही. जे अजून आपलं झालंच नव्हतं, ते गेलं असं कोण कशाला धरील? आणि गावातली बाळं जायची ती नेमकी त्याच दिवसांत. तोंड मिटायचं, दूध धरेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं, की बाप्या माणसाने फडक्यात गुंडाळून नदीकडे नेऊन पुरायचं. बाळंतिणीने दुसऱ्या महिन्यात पुन्हा कामाला लागायचं.

डॉक्टरणीने वहीत शून्य लिहिलं. प्रोफेसर मात्र खूश झाले. एवढी खरं बोलणारी बाई सांगते म्हणजे प्रश्नच मिटला. जाताना आबाजीने त्यांना नारळ दिला.

चैत्रात बातमी आली. नर्स नदीपलीकडच्या गावाला.

सोनुबाईचं डोकं फिरलं. जेवण टाकून तिने सकाळची एसटी धरली आणि थेट कर्जतला पंचायत समितीत जाऊन साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. शिपाई अडवत होता. त्याच्याकडे तिने असं काही पाहिलं की तो पाणी आणायला गेला.

"आमच्या गावावर आकस हाय का तुमचा?" तिने विचारलं. "शाळेचं खरं सांगितलं, मजुरीचं खरं सांगितलं, त्याची ही सजा?"

"बाई, बसा," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याचाच तिला जास्त राग आला. "आकस कसला? पलीकडच्या गावात सभा जमली नाही म्हणून त्या डॉक्टरबाई घरोघर फिरल्या. तिथे मुलं फार दगावतात हो. तुमच्या गावात वर्षात एकही नाही. ते तर लंकेच्याही पुढे गेलं. प्रोफेसरसाहेबांनी तुमच्या गावाचं कौतुक केलंय. मग नर्स कुठे द्यायची?"

"एकबी नाय असं कोन म्हनलं?"

"तुम्हीच."

 सोनुबाईला पडवी दिसली, पारूची खाली घातलेली मान दिसली. मागच्या चैत्रातला सकाळचा प्रहर आठवला. फडक्यातलं ते एवढंसं गाठोडं धाकलूने उचललं तेव्हा तिनेच त्याला सांगितलं होतं, मागं वळून बघू नको.

"आमचं गेलं हो मागच्या साली," ती म्हणाली. "मुलगा व्हता. गौराबाईचं गेलं. जनीचं गेलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

काय सांगणार? बारसं झालं नव्हतं म्हणून? हे कर्जतच्या कचेरीत, पंख्याखाली, इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाला सांगताना तिला ते पहिल्यांदाच वेड्यासारखं वाटलं. तरी तिने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, सुस्कारा टाकला. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नोंद नाही, मग मी कशाच्या आधारावर निर्णय फिरवू, म्हणाले. पुढच्या पाहणीच्या वेळी बघू. ते "बघू" ऐकलं आणि सोनुबाई उठली. आणलेलं पाणी शिपाईच प्यायला.

घरी आली ती सगळ्यांवर खेकसतच. आबाजीवर, साहेबांवर, प्रोफेसरावर, त्या तेल लावलेल्या डॉक्टरणीवर, जिने दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. पारू चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती.

"आत्याबाई," ती हळू म्हणाली, "मी बाजूला बसले व्हते म्हनून तुमी बोलला नाय. मला ठावं हाय."

"तसं नाय गं. मला आठवलंच नाय." खरं बोलायची सवय वाईट असते. "तुझ्या शपथ, आठवलंच नाय."

पारूने लाकूड पुढे सारलं. "मला रोज आठवतो. मी नाव ठेवलं व्हतं त्याला. मनातल्या मनात."

"कोनाला इचारून?" सोनुबाईच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. ती पारूशेजारी खाली बसली, पण काय नाव ते विचारायचा धीर तिला झाला नाही.

वैशाखात पारूचं पोट दुखायला लागलं. नदी कोरडी होती, पण बैलगाडी जुंपेपर्यंत वेळच उरला नाही. कोंडी आली. सोनुबाईने तिच्या हातातला विळा काढून घेतला आणि बाजूला टाकला. वाण्याकडून आणलेलं दाढीचं कोरं पातं पातेल्यात खळखळ उकळत ठेवलं. कोंडी रुसली, बडबडली, इतक्या वर्षांचा माझा हात, म्हणाली. सोनुबाईने तिला बोलू दिलं आणि राखेची वाटी परसात नेऊन ओतली.

मुलगी झाली. कळशीभर पाण्याइतकी जड आणि भांडखोर आवाजाची. नाळ कापून झाल्यावर सोनुबाईने तिला फडक्यात घेतलं आणि पारूकडे वळली.

"काय नाव ठरवलंस हिचं?"

कोंडीचे हात थांबले. "येड लागलं का? पाचवी नाय, सटवाई अजून आली नाय, आन् नाव?"

"तिला यायचं तवा येऊ दे. सांग गं."

पारू घामाने भिजलेली, डोळे विस्फारून बघत राहिली. "नाव ठेवलं आन् गेली तर?"

"तर त्या नावाची पोर गेली म्हनंन. पन कायबी नाय गेलं असं या तोंडानं आता म्हननार नाय."

पारू रडायला लागली. "हिरू," ती म्हणाली. "हिरू ठरवलंय."

सोनुबाईने हात धुतले, चपला घातल्या आणि तडक चावडी गाठली. ग्रामसेवक भाऊसाहेब कुलूप लावून निघायच्या बेतात होते.

"जन्म लिवायचा हाय," ती म्हणाली. "धाकलूची मुलगी. हिरू."

"अरे वा. बारसं कधी झालं?"

"झालं नाय. आत्ताच जन्मली."

"मग बारसं झालं की या ना, सोनुबाई. एवढी घाई काय? पेढे घेऊनच या."

"कुलूप काढा," सोनुबाई म्हणाली. "जिवंत हाय तवर लिवा. गेली तर मी परत येईन, तेबी लिवायचं हाय."