नाव न विचारणारा कॉम्प्युटर

मी पालमच्या ज्युनिअर कॉलेजातला कॉम्प्युटर बोलतोय. गावातला पहिलाच, म्हणून थोडं ऐकून घ्या.

१९८८ साली तीन खोक्यांत बसून, एसटीच्या टपावरून मी इथे आलो. मला हार घातला, नारळ फोडला, खिडकीला पडदे लावले आणि खोलीला कुलूप घातलं. आत येताना माणसं चपला काढायची. मला वाटायचं, आता काही विचारतील. पण तीन वर्षं नुसतं पुसणंच झालं.

मग गणिताचे विरूपाक्ष सर आले. रविवारीही माझ्यासमोर बसायचे, चुकायचे, स्वतःवरच हसायचे. मला त्यांचा लळा लागला.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बारावीतला मुंजाजी पैजेवर अख्खी बाटली प्यायला आणि बेशुद्ध पडला. पैज लावणारा भुजंग, त्याचा जिवलग मित्र. जीपमध्ये घालून परभणीला नेलं. तीन दिवस सलाईनवर होता. वाचला. प्राचार्य दिनकररावांनी तासभर भाषण दिलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी पोरं पुन्हा प्यायला बसली.

"भाषणं लय झाली," सर मला पुसणाऱ्या सरजाबाईंना म्हणाले. "पोरान्ला कुणी नीट इचारलंच न्हाई."

आणि त्यांनी मला विचारायला शिकवलं. महिन्यात किती वेळा पितोस? एकूण किती ग्लास? दुसऱ्या दिवशी काय होतं? देवनागरी मला येत नव्हती, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. नाव विचारायचं नाही. शेवटचा प्रश्न: वर्गातल्या चाळीस मुलांपैकी किती जण पीत असतील?

पोरं एकेक करून आत आली, दार लावून बसली. कुणी भराभर बटणं दाबली, कुणी एकाच बटणावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसलं. भुजंगने शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं, एकतीस.

सगळ्यांची उत्तरं मी मला जोडलेल्या टेपच्या कॅसेटवर साठवली, मोजली आणि दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला दाखवली. पिणारे होते नऊ.

भुजंग तडक सरांकडे गेला. "खोटं सांगायलाय ही मशीन."

"तिला काय ठावं? तुमीच सांगितलंय ते."

"म्हंजी आमी एकमेकाला बघूनच पीत होताव व्हय?"

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पण आनंदाच्या भरात त्यांनी तो आकडा शिक्षकांच्या खोलीत सांगून टाकला. दिनकरराव लगेच माझ्याकडे आले.

"कोण हायत ते नऊ? दाखलाच देतो हातात."

"नावं घेतलीच न्हाईत, साहेब."

"पोरं हजेरीच्या नंबरानं बसली होती. उत्तरांची कॅसेट लावा, समजंल."

ते खरं होतं. मला पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली. दाराशी भुजंग उभा होता. सरांनी कॅसेट टेपमध्ये घातली आणि सगळ्यांसमोर तिच्यावर कोरी नोंद चढवली. महिन्याची मेहनत अकरा मिनिटांत पुसली गेली. दिनकररावांनी त्यांना खूप सुनावलं. सर ऐकून घेत राहिले.

त्यानंतर पोरं न बोलावता येऊ लागली. जे पीत होते त्यांच्यासाठी सरांनी मला नवा हिशेब शिकवला: एका वेळेला किती ग्लास. भुजंग दर महिन्याला यायचा. बारा ग्लास, मग सात, मग पुन्हा वाढून नऊ, मग दोन. माघ महिन्यात त्याने 'किती वेळा' पुढे शून्य लिहिलं आणि मी अडकलो. पडद्यावर चूक उमटली. भुजंग घाबरून सरांना घेऊन आला.

सरांनी वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. "गाढवा, तुजी चूक न्हाई. ग्लासाला किती वेळा प्यालास त्यानं भागायला लावलं होतं मी. शून्यानं कसं भागंल ते? पिणाऱ्यातलं कुणी शून्य लिहील असं मलाच वाटलं नव्हतं."

सगळेच सुधारले असं नाही. नऊ जणांपैकी दोघे पीतच राहिले. त्यातल्या एकाने कॉलेज सोडलं. त्याच्या वेळेला रिकामी राहिलेली खुर्ची मला अजून आठवते.

सरांची बदली झाली. मी आता व्हॉलीबॉलच्या जाळीशेजारी अडगळीत आहे. निम्मी बटणं निघालीत. मला पुन्हा सुरू करा असं म्हणत नाही. पण तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं लेकरू असेल, तर त्याला एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. मला ते सोपं होतं. तुम्हाला जड जाईल, तरी थांबा.