खंडेनवमीचा कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या दुपारी लताबाई सावद्याच्या स्टँडवर एसटीतून उतरली आणि जवळजवळ पळतच घराकडे निघाली. बातमीच तशी होती. जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासला शिकवायला माणूस हवं होतं, आणि क्लासचे सर तिला म्हणाले होते, "तुम्ही लिहिलेलं ते पुस्तक सोमवारी घेऊन या. पसंत पडलं तर दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागा."

पुस्तक म्हणजे साठ पानं. घरी पहिल्यांदाच कॉम्प्युटर आला तर तो चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, धूळ कशी काढायची, सगळं साध्यासुध्या मराठीत. आठ महिने भाकऱ्या थापून, केळीच्या मजुरांचं जेवण रांधून, उरल्या वेळात तिनं ते टाइप केलं होतं. आणि घरच्यांनी त्याला नाव काय ठेवलं होतं? टाइमपास! कॉम्प्युटर आणला होता नवऱ्यानं, रुपचंदनं. सत्त्याण्णव साल, गावातला पहिला कॉम्प्युटर, त्याची कोण मिजास! पण त्याला त्यावर येत काय होतं? पत्ते खेळता येत होते. त्यातही हरायचा.

ती अंगणात शिरली आणि तिथेच थबकली.

ओट्यासमोर पूजा मांडलेली. ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, विळे, पाना-पक्कड आणि घड कापायचा मोठा कोयता, सगळं धुऊन-पुसून, तेल लावून, हळदी-कुंकवाची बोटं ओढून रांगेत ठेवलेलं. आणि रांगेत सगळ्यात पुढे, पाटावर, झेंडूची माळ घातलेला तिचा कॉम्प्युटर. कीबोर्ड दोरीवर उलटा वाळत घातलेला. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

"हे कोणी केलं?" तिचा आवाज फुटला.

सासरे, चुडामण आबा, ओट्यावरून कौतुकानं म्हणाले, "म्या केलं. तूच म्हने ना, पंख्यात धूळ बसली, डब्बा तापून राह्यला? ट्रॅक्टरच्या रेडिएटरले मारतो तसा मांगून पाइप मारला. बठ्ठी धूळ निंघाली पहाय, कनभर राह्यली नाही. त्या काळ्या चपट्या डब्ब्याबी साबनानं धुतल्या."

काळ्या चपट्या डब्ब्या! लताबाईनं पाटाच्या कडेला पाहिलं. पुस्तकाच्या प्रती ठेवलेल्या दोन्ही फ्लॉप्या तिथे होत्या. वरची पत्र्याची पट्टी सरकवून आत कुंकू लावलेलं, वर अक्षता चिकटलेल्या. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, असं तिनंच अकराव्या पानावर लिहिलं होतं. आणि स्वतः मात्र दोन्ही एकाच ड्रॉवरात ठेवल्या होत्या. शहाणी ती! स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी असं तिला वाटलं.

आता पुस्तक उरलं होतं एकाच जागी, त्या ओल्या डब्याच्या पोटात.

तेवढ्यात तिला प्रसादाचं ताट दिसलं. ताटात खोबरं-साखर होती आणि खोबऱ्याखाली तिच्या अक्षरातला कागद. 'ओल्या हाताने हात लावू नये.' कॉम्प्युटरमागच्या भिंतीला तिनं चिकटवलेल्या सूचना होत्या त्या. जागेवरून कॉम्प्युटर हलवला तसा कागदही निघाला, आणि बरा मोठा आहे म्हणून ताटात घातला गेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर तो कागद डोळ्यांसमोर लटकत होता, एकानं वाचला असेल तर शपथ!

"सरका, सरका," म्हणत रुपचंद घरातून आला. खांद्यावर बोर्डाची लांब वायर, मागून मोटारींचा दुकानदार जीवराम आणि भावकीतली चार टाळकी. "लता, आली का? बरं झालं. जीवरामभाऊले चालू करून दाखवतो. मुहूर्त चांगला हाये."

"चालू करायचा नाही," लताबाई म्हणाली. "आत पाणी आहे. उघडून दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या. ओला असताना वीज लावली तर आतलं सगळं जळेल. माझं पुस्तक जळेल. सोमवारी मला ते द्यायचं आहे, माझी नोकरी आहे त्यावर."

"वरून तर कोरडा ठक्क हाये." रुपचंदनं डब्यावर थाप मारली. "मोटार नाही का आपन धुतो? धुऊन लगेच चालू करतो."

"मोटार आणि हे एक आहे का हो?"

"आता तू शिकवशील मले?" तो जीवरामकडे पाहून हसला. बाकीचेही हसले. त्या हसण्यानं लताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हो, शिकवीन. आठ महिने तेच लिहितेय. अहो, आज हत्यार चालवायचं नसतं ना? पूजलेलं हत्यार उद्यापर्यंत कोणी उचलत नाही ना? मग हे कसं चालवताय?"

"हे काय हत्यार हाये? हे मशीन हाये."

"मग धुतलं कशाला? पूजलं कशाला?"

आबांनी मान खाली घातली. तिला सगळ्यात जास्त राग त्या खाली घातलेल्या मानेचा आला. म्हातारा एक शब्द बोलला असता तर रुपचंद थांबला असता.

रुपचंदनं कॉम्प्युटरची काळी वायर डब्याच्या मागे खुपसली. दुसरं टोक हातात घेऊन तो बोर्डाकडे वळला. लोक पुढे सरकले. लताबाईनं ते टोक धरलं, त्यानं हिसडा दिला, ती ओट्याच्या पायरीवर आदळली. कोपर सोलपटलं. "चार मानसांत तमाशा करू नको," तो दातओठ खात म्हणाला.

ती उठली, सरळ पूजेत गेली आणि रांगेतला कोयता उचलला.

"अव माय!" दारातून कोणीतरी बाई किंचाळली. पूजलेला कोयता! खंडेनवमीला! जीवराम दोन पावलं मागे झाला. रुपचंदच्या हातातलं टोक गळून पडलं.

लताबाईनं वायर पायरीच्या फरशीवर धरली आणि कोयता हाणला. एका घावात दोन तुकडे. फरशीचा टवका उडाला.

"आता करा चालू," ती म्हणाली.

रुपचंदचा चेहरा पांढराफटक पडला. "तोडला! अरे, हिनं कॉम्प्युटर तोडला!" तो केवढ्यानं ओरडला. "एवढ्या मोलाची वस्तू! भंगार केलं! घेऊन जा ते माझ्या डोळ्यांपुढून, घरात दिसायले नको पुन्हा!"

"चार माणसांसमोर बोललात," लताबाई म्हणाली. "लक्षात ठेवा."

डबा उचलून तिनं मागच्या खोलीत नेला. चार स्क्रू काढले, झाकण उघडलं. हिरव्या पट्टीवर पाण्याचे थेंब तसेच होते. तिनं ते कापसानं एकेक करून टिपले, पंखा लावला आणि समोर बसून राहिली. कोणी जेवायला बोलावलं नाही, तीही गेली नाही.

संध्याकाळी आबा दाराशी आले.

"पोरी, ती नुसती वायरच ना? ट्रॅक्टरच्या बॅटरीची बदलतो तशी?"

"हो. जळगावात दुकानात ढिगानं टांगलेल्या असतात."

"मंग सांगू का रुपचंदले?"

"दुपारी बोलायचं होतं ते बोलला नाहीत, आबा. आता तर मुळीच बोलू नका."

आबा गेले, आणि खरंच कोणाला काही बोलले नाहीत. दोन दिवस रुपचंद गावभर सांगत फिरला, बायकोनं कॉम्प्युटर कोयत्यानं तोडला. तोडलेल्या कॉम्प्युटरवर हळहळायला माणसं घरी येऊन गेली. लताबाईनं सगळ्यांना चहा करून दिला आणि एक अक्षर खुलासा केला नाही.

सोमवारी सकाळी तिनं सगळं सामान पोत्यांत गुंडाळलं. आबांनी ते बैलगाडीतून स्टँडवर पोचवलं. रुपचंद ओट्यावर दात घाशीत बसला होता. "भंगारवाल्याकडे चालली का?" एवढंच त्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली.

क्लासात सरांनी डबा टेबलावर ठेवला, कपाटातून एक वायर काढून मागे लावली, दुसरा कीबोर्ड जोडला. लताबाईनं बटणावर बोट ठेवलं. मग ते दाबलं. पंखा घुरघुरला. पडदा काळा राहिला, काळाच राहिला, आणि मग अक्षरं आली. पुस्तक उघडलं. साठच्या साठ पानं.

सरांनी दहा-बारा पानं तिथेच उभ्यानं वाचली. "उद्यापासून या," ते म्हणाले. मग दाराबाहेरच्या पोत्यांकडे पाहून म्हणाले, "एवढं ओझं घेऊन आलात. परत कसं नेणार?"

"परत न्यायचं नाही," लताबाई म्हणाली. "इथेच ठेवते, यावरच शिकवीन. घरी तो तुटलेला आहे."