रिकाम्या पॅरिसमधली रांग

लेओन्स काब्रोल अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकदाच पॅरिसला गेला, आणि तोही ऑगस्टमध्ये. त्याला कारण होतं. दक्षिण फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावरच्या व्हिलेस्क गावात त्याने बेचाळीस वर्षं बेकरी चालवली, आणि दरवर्षी ऑगस्ट उजाडला की सगळं पॅरिस त्याच्या दुकानात येऊन उभं राहायचं. उन्हाने लालबुंद झालेलं, पोराबाळांसकट, आणि पाव हातात घेऊन ‘हा ताजा आहे ना?’ असं बेकरलाच विचारणारं. आता सगळं पॅरिस इथे म्हटल्यावर तिथे उरणार कोण? कबुतरं. लेओन्सला याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. तशी त्याला कशाबद्दलच नसायची.

जूनमध्ये त्याचे गुडघे बसले आणि भट्टी थंड झाली. गावची मेअर रेजीन शाळेत त्याच्याच बाकावर बसायची, त्यामुळे तिने आडपडदा ठेवला नाही. “ऑगस्टअखेरपर्यंत थांबते. बेकर मिळाला तर उत्तम. नाहीतर चौकात पावाचं मशीन बसवणार. लोकांनी खायचं काय?” खटका दाबला की खालच्या फटीतून पाव बाहेर पडतो, तसलं मशीन. त्याचं नाव काढलं की लेओन्स उठून चालायला लागायचा.

बेकर त्याच्या मते जगात एकच शिल्लक होती, त्याची मुलगी मायलीस. पीठ मळायला त्यानेच शिकवलेली, आणि तीन वर्षांपासून पॅरिसच्या बाराव्या विभागात स्वतःचं दुकान थाटून बसलेली. फोनवर विचारलं असतं तर ‘बघू’ म्हणाली असती. ते ‘बघू’ त्याला चांगलं ठाऊक होतं, ते त्याच्याकडूनच तिच्याकडे गेलं होतं. म्हणून त्याने ऑगस्ट निवडला. ओस पडलेलं शहर, ओस पडलेलं दुकान, गल्ल्यावर माश्या मारत बसलेली पोर. अशा वेळी बाप गावाकडचं चीज घेऊन दारात उभा राहिला की एका शब्दात काम होणार.

“आठवड्यात घेऊन येतो तिला,” त्याने रेजीनला सांगितलं. “काळ्या दगडावरची रेघ.”

“चीज मोठं ने,” रेजीन म्हणाली.

बेर्सी स्टेशनवर उतरला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मायलीसने आधीच कळवलं होतं, “पापा, मला न्यायला यायला जमणार नाही. चालत या, वीस मिनिटांचा रस्ता आहे.” बिचारी मनाने खचली असणार, असं त्याने ठरवून टाकलं. रस्ते त्याला हवे तसेच होते. खाटीक बंद, चांभार बंद, न्हावी बंद. एक म्हातारा बाकावर झोपलेला होता, आणि गाड्या इतक्या कमी की लेओन्स रस्त्याच्या मधोमध चालत होता. प्रत्येक बंद दुकानासरशी त्याची छाती इंचभर फुगत होती.

वीस मिनिटांची चाळीस झाली, कारण कोणाला पत्ता विचारणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेवटी एका बंद बेकरीपुढे तो दम खायला थांबला. शटरवर कागद चिकटवलेला होता. सुट्टीवर जाणारा बेकर जवळच्या उघड्या बेकरीचं नाव लिहून जातो, ही पॅरिसची जुनी रीत. एके काळी कायदाच होता, आता सवय उरली आहे. कागदावर लिहिलं होतं, ‘दोन सप्टेंबरपर्यंत बंद. पाव इथे मिळेल: काब्रोल.’

स्वतःचं आडनाव परक्याच्या शटरवर पाहून लेओन्सने चष्मा पुसला. पुढच्या रस्त्यावर दुसरी बेकरी, तीही बंद, कागदावर पुन्हा काब्रोल. तिसरी, काब्रोल. त्या कागदांवरचे बाण धरून तो चालत गेला. तिसऱ्या कागदानंतर त्याला जरा अस्वस्थ वाटायला लागलं, पण ते त्याने उन्हावर ढकललं.

कोपरा वळला आणि समोर रांग. दुकानाच्या दारापासून निघालेली, औषधांच्या बंद दुकानावरून पुढे गेलेली आणि झाडाखाली जाऊन वाकलेली. लेओन्स बॅग घेऊन सरळ दाराशी गेला.

“ओ काका!” कोणीतरी ओरडलं. “रांगेचं शेपूट तिकडे आहे.”

“मी तिचा बाप आहे.”

“काल एक जण तिचा मामा होता,” एक बाई म्हणाली. “व्हा मागे.”

लोक हसले. बेचाळीस वर्षांत लेओन्स पावासाठी कधी रांगेत उभा राहिला नव्हता. तो मुकाट्याने झाडाखाली गेला. त्याच्या पुढे चाकांची पिशवी घेतलेली एक म्हातारी होती. मादाम वेर्दिये, वय शहाऐंशी, हे तिने न विचारताच सांगितलं.

“सगळं पॅरिस तर गावाला जातं ना?” लेओन्सने विचारलं.

“जातं की,” ती म्हणाली. “माझा मुलगा समुद्रावर, डॉक्टर डोंगरावर, खालची वॉचमनबाई पोर्तुगालला. आमच्या जिन्यात सहा घरं, त्यातली पाच बंद. ज्यांचे पाय चालत नाहीत आणि ज्यांना कोणी बोलावत नाही, ते आम्ही इथे. तुम्हीच सांगा, आम्ही काय मोजणीत नाही का?”

रांग पुढे सरकली तशी लेओन्सने तिची चाकांची पिशवी पुढे ढकलली.

पाऊण तासाने तो दुकानात शिरला. मायलीसने पिठाच्या हातांनीच मिठी मारली आणि त्याच्या कोटावर दोन पांढरे पंजे उमटले. ती वाळली होती, पण खचलेली अजिबात दिसत नव्हती. “पापा, माझ्या भट्टीवरच्या माणसाचं मनगट मुरगळलंय,” ती म्हणाली. “बॅग मागे टाका. गुडघे कसे आहेत?”

“घोड्यासारखे,” लेओन्स म्हणाला. ते धादांत खोटं होतं.

आणि तो जुंपला गेला. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा. भट्टीतून पाव काढायचे, फळ्या भरायच्या, गल्ल्यावरच्या आवाला हाकेसरशी लांबट पाव पोचवायचे. आवा मूळची आफ्रिकेतल्या माली देशातली, तोंडाने फटकळ. “सासरेबुवांसारखं उभं राहू नका हो, टोपली द्या!” ती पहिल्याच सकाळी म्हणाली, आणि लेओन्सला ती बेहद्द आवडली. काम त्याला चढलं. पण बोलायचं तेवढं राहून जात होतं. मायलीस जेवायला बसली की आवाला बोलावून घ्यायची. आवा घरी गेली की हिला नेमका फोन यायचा. दोघंच उरली की हिच्या डोळ्यांत झोप. बापाने आणलेलं चीज अर्धं संपलं आणि एक शब्द काही तोंडातून निघाला नाही. रेजीनला तो रोज कळवत होता, “उद्या.”

सहाव्या दिवशी गिरणीची गाडी आली नाही. गिरणीसुद्धा सुट्टीवर. मायलीस सकाळीच कोणाची तरी व्हॅन घेऊन शहराबाहेर पीठ आणायला गेली. “भाजून झालंय सगळं,” जाताना म्हणाली. “फक्त विकायचं.”

भट्टी पहिल्यांदाच त्याच्या एकट्याच्या ताब्यात आली. त्याने मागच्या खोलीत एक फेरी मारली, आणि कोपऱ्यातल्या फळीवर त्याला दहा गोल पाव दिसले. फिकट, पांढुरके, बोटाने दाबले तर आत जाणारे. लेओन्सच्या जिवाचं पाणी झालं. असला अर्धकच्चा पाव त्याने डुकरांनाही घातला नसता. पॅरिसने पोरीचा हात बिघडवला, हे त्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. हेच तिला दाखवायचं. ‘बघ, घाईत काय करायला लागलीस. घरी चल.’ त्याने दहाही पाव भट्टीत सारले आणि चांगले तांबूस, कडक, टिचकी मारली की वाजतील असे भाजून काढले.

अकराच्या सुमारास मादाम वेर्दिये आली. आवाने मागून तिचा पाव आणून दिला. म्हातारीने तो पिशवीत टाकण्याआधी बोटांनी चाचपला, मग उचलून गल्ल्यावर आपटला. ठक्क!

“हा माझ्यासाठी आहे की दार ठोकायला?”

“मादाम,” लेओन्स पुढे आला, “पाव असाच असतो. बेचाळीस वर्षं मी असाच भाजलाय.”

“चांगला आहे हो. वासच सांगतोय.” तिने तोंड उघडून आतली तुटपुंजी दौलत दाखवली. “पण मी तो कशाने खाऊ? त्याआधीचे चार ऑगस्ट मी दुधात बिस्किटं बुडवून जगत होते. इथल्या पहिल्याच ऑगस्टात तुमच्या पोरीने मला विचारलं, मादाम, तुम्ही कड का टाकून देता? दुसऱ्या दिवसापासून माझा पाव वेगळा. माझ्या घरापासून जवळच्या रस्त्यावर मोठं दुकान चालू आहे, बारा महिने. मी इथवर येते. अकरा वेळा बसत बसत.”

तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या, आणि काठी टेकलेला एक म्हातारा. चौघांनीही लेओन्सकडे पाहिलं. रागाने नव्हे, तसं पाहिलं असतं तर त्याने भांडून घेतलं असतं. त्यांनी आपापला कडक पाव घेतला. म्हातारा तर ‘सूपमध्ये भिजेल’ असं म्हणून त्यालाच धीर देऊन गेला. लेओन्सला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांची लाज वाटली.

मायलीस परतली तेव्हा तो मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसला होता. आवाने दारातच तिच्या कानावर सगळं घातलं होतं. लेओन्स शिव्या खायच्या तयारीने उठला.

“बसा,” ती म्हणाली, आणि स्वतः समोरच्या पोत्यावर बसली. खोलीत दोघंच होती. तिने आवाला हाक मारली नाही. फोनही वाजला नाही.

“फिकट पाव मी पुन्हा करते, संध्याकाळी पोचवून येऊ. ते जाऊ दे. पापा, तुम्ही मला काहीतरी विचारायला आलात.”

“मी?”

“रेजीनने जुलैतच फोन केला होता मला. मशीनचं, भट्टीचं, सगळं सांगितलं.” तिने हात एप्रनला पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. “सहा दिवस मी तुमच्यासोबत एकटी सापडायचं टाळतेय. फोन आला की बरं वाटतं मला. कारण तुम्ही विचारलंत तर मला नाही म्हणता येणार नाही. तुमचे गुडघे बघितलेत मी. पण आता दमले पळून. विचारा.”

डाव असा समोर आयता मांडलेला होता. एक शब्द, की पोर घरी, भट्टी पेटलेली, चौकातलं मशीन रद्द. लेओन्सने तो शब्द सहा दिवस तोंडात घोळवला होता. बाहेर दुकानात आवा कोणाला तरी ओरडून सांगत होती की रांग मोडू नका, सगळ्यांना मिळेल. लेओन्सने पोरीकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, लहानपणी इंजेक्शन घेताना असायचे तसे.

“विचारायचं काय त्यात?” तो म्हणाला. “मी पॅरिस बघायला आलोय.”

“ऑगस्टमध्ये?”

“गर्दी नसते म्हणाले.”

मायलीस आधी हसली, मग तिचं हसू मोडलं आणि तिने तोंड एप्रनमध्ये लपवलं. लेओन्स तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. “तू माझ्यापेक्षा चांगली बेकर आहेस,” त्याने सांगून टाकलं, कारण ते खरं होतं आणि आत्ता नाही तर कधीच बोललं गेलं नसतं. मग म्हणाला, “आता ते फिकट कसे करतेस ते दाखव मला. किती वेळ ठेवायचे?”

पाव भट्टीत गेल्यावर तो मागच्या दाराने रस्त्यावर आला आणि त्याने व्हिलेस्कला फोन लावला.

“रेजीन, मशीन बसवून टाक.”

“नाही म्हणाली?”

“विचारलंच नाही.”

“सहा दिवस तिथे बसून विचारलं नाहीस? तू? का रे?”

लेओन्सने भिंतीला टेकून दुखरा गुडघा सैल सोडला.

“ती हो म्हणाली असती,” तो म्हणाला.